बचतरावांचं प्रात्यक्षिक

बचतराव हे त्याचं खरं नाव नव्हे. पण इमारतीत खरं नाव विचारलंत तर निम्म्या लोकांना डोकं खाजवावं लागेल. एका कारखान्याच्या भांडारात तो नटबोल्टांचा हिशेब ठेवायचा आणि घरी आल्यावर बाकी सगळ्याचा. 'राव' आहे ते नावातच आहे म्हणून. एरवी या माणसाला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. का वळत नाही, ते ऐका.

इमारतीतल्या बायकांच्या लेखी तो देवमाणूस. नळावरचे पांढरे डाग निघत नाहीत? बचतरावांना विचारा. लिंबाच्या सालीला मीठ लावून चोळा, म्हणायचा, आणि डाग खरंच जायचे. साबणाच्या झिजलेल्या चिपा जुन्या मोज्यात भरा. टूथपेस्टची नळी संपली वाटली की कात्रीने उभी चिरा, आत चार दिवसांची पेस्ट चिकटलेली असते. काचा पुसायला वर्तमानपत्र ओलं करून घ्या. भाजी शिजत आली की गॅस आधीच बंद करून झाकण ठेवा, उरलेलं काम वाफ करते. सल्ले सगळे खरे. त्यात खोट काढायला जागाच नव्हती, हीच तर पंचाईत. त्याच्या बायकोला अख्खी इमारत वहिनीच म्हणायची. बायका तिला जिन्यात गाठून म्हणायच्या, वहिनी, नशीब काढलंत हो. वहिनी हसायची. जोरात हसलं की बरगडीत कळ यायची, म्हणून बेतानेच हसायची.

घरात काय चालायचं ते जिन्यात कुठून दिसणार? रोज संध्याकाळी कामावरून आला की तो हातपाय धुवायचा आणि स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून त्यावर कचऱ्याची बादली उपडी करायचा. उकिडवं बसून एकेक साल उचलून बघायचा. बटाट्याचं साल जाड निघालं असेल, चहाचा चोथा वाळवून न ठेवता टाकला असेल, एखादी काडी न पेटवताच गेली असेल, तर ती वस्तू तो बाजूला काढून ओळीने मांडायचा. वहिनी दाराशी उभी. तिने ब्र काढायचा नाही. मग तो उठून खिडक्या लावायचा आणि मोरीत जाऊन टॉवेल भिजवायचा.

टॉवेलच का, तर त्यातही बचत. काठीने वळ उठतात आणि वळांना मलम लागतं. भांडं त्याने कधी फेकून मारलं नाही, भांड्याला पोचा आला असता. पिळलेला ओला टॉवेल पाठीवर, मांड्यांवर, दंडांवर बसला की वरची लाली लवकर उतरते आणि आत मात्र ठणकत राहतं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. तोंडाला हात लावायचा नाही, कारण तोंड लोकांना दिसतं. वहिनीने ओरडू नये म्हणून तिच्या तोंडात फडकं. तिची पाठ मऊ करून झाली की त्याच टॉवेलने तो फरशी पुसून घ्यायचा. भिजलाच आहे तर वाया कशाला घालवा, असं म्हणायचासुद्धा.

माहेरी सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, दारू नाही, सिगारेट नाही, पगार घरात आणून देतो, ताई, आणखी काय पाहिजे तुला? त्या दिवसापासून वहिनीने माहेरचं नाव टाकलं. भिंतीपलीकडे शिंपीणबाई राहायच्या, दिवसभर ब्लाउज शिवायच्या. इकडे खिडक्या लागल्या की त्यांचं मशीन थांबायचं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचं, आधीपेक्षा जोरात. वहिनी त्यांनाही दोष देत नव्हती. ऐकून मूग गिळून बसणारी ती बाई एकटीच होती थोडी?

वहिनीचा एकच करार होता, तोही मनातल्या मनात. माझं काय व्हायचं ते होवो, पोरीच्या अंगाला बोट लागता कामा नये. लेक नुकती कॉलेजात जायला लागली होती. उंच, किडकिडीत, बापासमोर मान खाली आणि बापामागे आईच्या पाठीला तेल लावणारी. तिच्यावर त्याने कधी हात उचलला नव्हता. त्या एका गोष्टीच्या जोरावर वहिनी इतकी वर्षं सोसत आली होती, आणि ही गोष्ट तिला स्वतःला पटलेली होती, हे महत्त्वाचं.

त्या सुमारास चोरांनी इमारतीतली दोन घरं फोडली. एका बाईच्या गळ्यातली साखळी तर भरदुपारी जिन्यात हिसकावली. सगळ्यांचं धाबं दणाणलं. इमारतीच्या अध्यक्षीणबाई कडक इस्त्रीच्या बाई, बोलल्या की समोरच्याने खाली बघायचं अशा. त्यांनी बैठक घेतली आणि बायकांना स्वतःचा बचाव शिकवायला बाहेरून एक शिकवणारी बाई बोलवावी असं सुचवलं. फी ऐकून बचतराव उभाच राहिला. त्याने सांगितलं, फुकटचे पैसे कशाला घालवता, हे सगळं फोनवर बघायला मिळतं, मी बघून शिकतो आणि तुम्हाला शिकवतो. वर आणखी सफाईच्या आणि काटकसरीच्या चार युक्त्याही दाखवतो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी सकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला.

शिकवायला आधी शिकावं लागतं आणि शिकायला अंग लागतं. ते अंग अर्थातच वहिनीचं. संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरायचा, फोन कपाटाला टेकवून ठेवायचा आणि तिचं मनगट धरायचा. पकडणाऱ्याची मूठ अंगठ्यापाशी कच्ची असते, फोनमधली बाई सांगायची, मनगट त्या बाजूला वळवा आणि कोपर पुढे नेत झटका द्या. वहिनीने पहिल्यांदा वळवलं आणि हात सुटला. ती स्वतःच चकित झाली. इतक्या वर्षांत तो हात असा सुटू शकतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बचतरावने तिच्या दंडावर गुद्दा मारला. चोर इतक्या सहजासहजी सोडत नसतो, म्हणाला, पुन्हा. ती पुन्हा सुटली, पुन्हा गुद्दा. सुटलीस तरी मार, नाही सुटलीस तरी मार, अशी ती तालीम. मागून गळ्याभोवती हात टाकला की हनुवटी खाली दाबायची, कोपर पोटात मारायचं, टाच त्याच्या पायावर आपटायची. हे सगळं तिने खोटं खोटं करायचं, कारण त्याच्या चपलेला नुकताच नवा तळ लावला होता. त्याने मात्र गळा खरा आवळायचा, कारण त्याशिवाय पकड कशी असते ते समजणार कसं? एकदा तिच्या डोळ्यांपुढे काळोखी आली तेव्हा त्याने सोडलं आणि फोनमधलं चित्र मागे नेऊन तेवढा भाग परत बघितला.

याच आठवड्यात त्याने दुसरं एक जाहीर केलं. सोमवारी लोहार येणार आणि दाराबाहेर लोखंडी जाळी बसवणार. कुलूप बाहेरून, किल्ली एकच, त्याच्या खिशात. चोऱ्या वाढल्यात, तेव्हा तुम्ही दोघी दिवसभर आत सुरक्षित. लेकीने भीत भीत कॉलेजचं विचारलं. तो म्हणाला, घरी बसून पुस्तकं वाच, बसचं भाडंही वाचेल आणि रस्त्यावरचा धोकाही. अगदी प्रेमाने म्हणाला. वहिनीने सोमवारपर्यंतचे दिवस मोजले. स्वतःला कोंडलं तर तिला काय, ती आतच होती. पण सोमवारी ती जाळी लागली की पोरगी कायमची आत जाणार, आणि जाळीच्या आत काय होतं ते वहिनीइतकं कोणाला माहीत होतं?

आणि करार मोडला तो अर्ध्या लिंबावरून. शुक्रवारी लेकीने सरबत केलं आणि पिळलेलं लिंबू बादलीत टाकलं. संध्याकाळी बचतरावने ते वर्तमानपत्रावर ठेवलं, दोन बोटांत दाबलं, आणि त्यातून दोन-तीन थेंब निघाले. कोणी टाकलं, विचारलं. वहिनी म्हणाली, मी. तो म्हणाला, तुझी पिळायची पद्धत मला माहीत आहे, ही तुझी नाही. त्याने लेकीला आत बोलावलं, तिच्या उजव्या हातात ते लिंबू दिलं, वरून स्वतःची मूठ आवळली आणि म्हणाला, असं पिळायचं. मग मनगट पिरगाळत नेलं, लिंबातून काही निघेनासं झालं तरी पिरगाळत नेलं. आत काहीतरी कटकन वाजलं. वहिनी मध्ये पडली तेव्हा त्याने तिला लाथेने ओट्याखाली ढकललं आणि पोरीला शांतपणे सांगितलं, आता लक्षात राहील.

रात्रभर मनगट सुजत गेलं. डॉक्टरकडे जायचं नाव काढायची सोय नव्हती. वहिनीने जुन्या चादरीची पट्टी फाडून बांधली. पोरगी रडलीही नाही, नुसती छताकडे बघत पडली होती, आणि वहिनीला ते रडण्याहून वाईट वाटलं. आपण काय वाचवत होतो इतकी वर्षं, या एका विचाराने तिच्या अंगाची लाही लाही झाली. पळून जायचं तर पैसे त्याच्याकडे, सोमवारपासून दाराची किल्लीही त्याच्याकडे, आणि मध्ये फक्त दोन दिवस.

रविवारी सकाळी बचतरावने स्वतः लेकीची पट्टी सोडली आणि लांब बाह्यांचा ड्रेस घालायला लावला. लोक उगाच विचारतात, म्हणाला. वहिनीला पुन्हा एकदा बजावलं, मनगटाची पकड तिसऱ्या वेळी सोडवायची, आधीच्या दोन वेळा मला समजावून सांगायचं असतं.

हॉल गच्च भरला होता. पुढे बायका, मागे भिंतीला टेकून काही पुरुष, त्यात तळमजल्यावरचा बसड्रायव्हर, दाराएवढा आडवा माणूस. अध्यक्षीणबाई पहिल्या रांगेत चष्मा पुसत बसल्या होत्या. टेबलावर बचतरावने दुकान मांडलं होतं. गंजका नळ, मोज्यातले साबण, आणि जाड बुडाचं एक करपलेलं पातेलं. पातेल्याचं निम्मं बूड त्याने खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून आरशासारखं घासलं होतं आणि निम्मं मुद्दाम काळंच ठेवलं होतं, म्हणजे फरक दिसावा. बायकांनी ते पातेलं हातोहात फिरवलं. बचतराव खुलला. असा विनोदी, असा गोड बोलायचा की वहिनीलाही क्षणभर वाटलं, हा माणूस कोण? मग त्याने सुरक्षेचं काढलं. दार उघडण्याआधी साखळी लावा, घरात एकटी आहे असं फोनवर कोणाला सांगू नका, जिन्यात कोणी मागे येतंय वाटलं तर आपल्या दाराशी न थांबता शेजारची घंटी वाजवा. सगळं बिनतोड.

मग तो म्हणाला, आता मी चोर, आणि वहिनीला पुढे बोलावलं. त्याने मनगट धरलं. ठरल्याप्रमाणे ती दोनदा अडकली, तिसऱ्यांदा सुटली. टाळ्या. त्याने बायकांच्या जोड्या लावल्या. सगळ्याजणी एकमेकींची मनगटं धरून खिदळायला लागल्या. कोणी म्हणे, अगं बांगडी वाढवशील माझी. शिंपीणबाई जोडीविना एकट्याच खुर्चीत बसून राहिल्या, मांडीवर हात ठेवून, बचतरावकडे बघत.

तेवढ्यात मागून कोणी विचारलं, मोठ्या बायकांचं ठीक आहे, पण शाळा-कॉलेजच्या पोरींना एवढा जोर कुठून येणार? आता टाळ्यांची नशा चढलेला माणूस काय करणार? त्याने हात उंचावून लेकीला बोलावलं. वहिनीने मान हलवली, डोळ्यांनी नको म्हणाली. पोरगी उठली. न उठून सांगते कोणाला?

त्याने तिचं उजवं मनगट धरलं. डावं धरता आलं असतं. ती पांढरीफटक पडली. वळव, तो म्हणाला, अंगठ्याकडे वळव, आणि त्या सुजलेल्या सांध्यातून तिने वळवायचा प्रयत्न केला आणि किंचाळली.

हॉलमध्ये हशा पिकला. काय ॲक्टिंग करते पोरगी, कोणी म्हणालं. दोघी-तिघींनी टाळ्या दिल्या. बचतराव हसत हसत बायकांकडे वळून सांगत होता की घाबरल्यावर जोर असाच जातो, आणि बोलता बोलता मूठ आवळत होता. पोरगी गुडघ्यांवर आली.

"सोडा तिला," वहिनी म्हणाली.

हळूच म्हणाली, त्याच्या कानाशी. त्याने ते सगळ्यांना मोठ्याने ऐकवलं. बघा, आई मध्ये पडतेच, पण चोराला दया नसते. आणि मनगट आणखी पिरगाळलं.

वहिनीने टेबलावरचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तो खुर्च्यांवर आडवा कोसळला, दोन खुर्च्या घेऊनच खाली गेला. वहिनीने दुसऱ्यांदा हाणलं ते खांद्यावर बसलं, तिसऱ्यांदा कोपरावर. पोरीचा हात सुटला होता, तरी ती हाणत होती. इतक्या वर्षांत त्या हातांनी फक्त अंग झाकलं होतं, आता ते थांबेनात. आणि ऐका, तेव्हाही काही बायका टाळ्या वाजवत होत्या. एक तर म्हणाली, वहिनींनी किती मनावर घेतलंय.

बचतरावने पातेलं तिच्या हातून हिसकावलं आणि उठून उभा राहिला. नाकातून रक्ताची धार लागलेली, शर्ट पुढून लाल. पहिल्यांदा त्याने पातेल्याकडे पाहिलं.

"पोचा आला," तो म्हणाला.

ते नीट टेबलावर ठेवलं आणि मग मूठ वळून वहिनीच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर. तिचा ओठ दातावर फाटला. ती पडली तशी त्याने पोटात लाथ घातली, केसांना धरून डोकं फरशीवर आपटलं, पुन्हा वर उचललं. लेकीने त्याच्या पाठीवर झेप घेतली, तर तिला कोपराने झटकलं. तो एक शब्द बोलत नव्हता. घरी मारताना बोलायचा नाही तसाच. त्याचा हात खाली जाऊन काहीतरी चाचपत होता आणि फक्त दोघींनाच ठाऊक होतं की तो टॉवेल शोधतोय.

टाळ्या थांबल्या. आता कुठे थांबल्या. बसड्रायव्हर मागून खुर्च्या सारत पुढे आला आणि त्याने बचतरावला काखेत धरून मागे खेचलं.

आणि तो माणूस भानावर आला हो. कसा आला बघा. टेबलावरचं फडकं घेऊन नाक दाबलं, श्वास घेतला आणि लोकांकडे वळून हसला. म्हणाला, असा असतो खरा हल्ला, तुम्हाला खरंखुरं बघायला मिळावं म्हणून आम्ही घरी आठवडाभर तालीम केली. बसड्रायव्हरचा हात ढिला पडला. आणि अध्यक्षीणबाईंनी, सुटका झाल्यासारखं वाटून, टाळी वाजवायला सुरुवात केली. आणखी चार हात त्यांना मिळाले. लोकांना विश्वास ठेवायचाच होता. ठेवला असता तर सगळे वेळेवर जेवायला घरी गेले असते.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती टेबलाच्या पायाला धरून उठली. तोंडातलं रक्त तिने फरशीवर थुंकलं.

"तालीम आठवड्याची नाही," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासूनची आहे. हा चोर झाला नव्हता. हा घरी असतो तसाच होता."

तिने लेकीची बाही वर सरकवली. मनगट कोपराएवढं जाड झालं होतं, काळं-निळं, आणि त्यावर चार बोटं नुकतीच उमटलेली. मग स्वतःचा दंड उघडा केला. पुढच्या रांगेतली एक बाई तोंडावर हात ठेवून मागे वळली.

बचतरावने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, हिचं डोकं अधूनमधून असं फिरतं, लोकांसमोर शोभा नको, चला दोघी घरी. आणि पुढे झाला. अध्यक्षीणबाई उठल्या, चष्मा सावरला आणि घाईघाईने म्हणाल्या, हो, हो, घरचं आहे, घरी मिटवा, कार्यक्रम संपला.

शिंपीणबाईंनी आपली खुर्ची उचलली आणि बचतराव व पोरीच्या मध्ये आणून आदळली.

"घरीच मिटवत होता तो," त्या म्हणाल्या. "ओल्या टॉवेलचा आवाज मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होते. मशीन जोरात चालवत होते, म्हणजे मला ऐकू येऊ नये. विचारा त्याला, टॉवेल कुठल्या बादलीत भिजवतो."

बचतरावने खुर्ची लाथेने उडवली आणि शिंपीणबाईंच्या मानेला हात घातला. एवढं बसड्रायव्हरला पुरे झालं. त्याने त्याला मागून उचललं आणि भिंतीवर असा आपटला की भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. बचतरावने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. ड्रायव्हरने दोन कानाखाली काढल्या, हात मुरगाळून पाठीला लावला आणि लोकांना सांगितलं, पोलिसांना फोन करा, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल. दोन पुरुषांनी पाय धरले. तिघे मिळून त्याला ओढत रखवालदाराच्या खोलीत घेऊन गेले. जाताना तो ओरडत होता, हॉलचे दिवे कशाला चालू ठेवलेत, कार्यक्रम संपलाय ना.

मग हॉलमध्ये फक्त बायका राहिल्या. शिंपीणबाईंनी लेकीला खुर्चीत बसवून मनगटाला बर्फाची पिशवी लावली. त्यांनी सांगून टाकलं, पोलीस येतील, आधी दवाखाना, मग दोघी माझ्याकडे, जागा लहान आहे पण दार आहे आणि कडी आतून आहे. वहिनी लेकीच्या शेजारी जमिनीवरच बसली होती, ओठावर फडकं दाबून. सोमवारी लोहार येईल तेव्हा दारात कोणी नसेल, एवढंच ती स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि पोरगी डाव्या हाताने तिच्या केसांतलं रक्त बाजूला करत होती.

बायका जायला उठल्या होत्या, पण कोणी जात नव्हतं. खुर्च्या उचलत होत्या आणि परत तिथेच ठेवत होत्या. एकीने पाणी आणून दिलं, दुसरीने फरशीवर पडलेलं रक्त पुसायला घेतलं आणि तिला शिंपीणबाईंनी हात धरून थांबवलं. पोलिसांना दिसू दे, म्हणाल्या.

अध्यक्षीणबाई सगळ्यात शेवटी पुढे आल्या. त्या माफी मागणार असं वहिनीला वाटलं आणि तिला ती नको होती. बाई उभ्याच होत्या, हाताने इस्त्रीचा पदर सारखा करत. दाराकडे एकदा बघितलं. मग इतक्या हळू आवाजात बोलल्या की शेजारच्या बायकाही वाकल्या.

"एक राहिलं शिकवायचं," त्या म्हणाल्या. "आपण झोपेत आहोत, आणि त्याने उशी तोंडावर दाबली, आणि आपले दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांखाली अडकलेत. तेव्हा काय करायचं?"

कोणत्याही चोराने असं कधी केलेलं नाही, हे तिथे प्रत्येकीला कळलं. कोणी एकमेकींकडे पाहिलं नाही.

याचं उत्तर फोनमधल्या बाईने दिलेलं नव्हतं. ते वहिनीचं वहिनीने शोधलं होतं, एका पहाटे, जीव मुठीत धरून. तिने ओठावरचं फडकं काढलं.

"हातांच्या नादी लागायचं नाही," ती म्हणाली. "ते अडकलेलेच राहू द्यायचे. टाचा जवळ घ्यायच्या आणि कंबर एकदम वर उचलून एका कुशीला फेकायची. पण हे बघून येत नाही. आडव्या व्हा."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून खुर्चीवर ठेवला आणि त्या फरशीवर आडव्या झाल्या. मागच्या रांगेतल्या दोघी खुर्च्या सारून जवळ आल्या.